डेटा आपला, चावी कोणाकडे?

मध्यम आकाराच्या जवळजवळ प्रत्येक कंपनीत दर पाच-सहा वर्षांनी एक कागद टेबलावर येतो. स्टोरेजच्या यंत्राची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, संपत आलेली असते, नूतनीकरणाचा दर आधीपेक्षा बराच चढा असतो आणि नव्या यंत्राची किंमत ऐकून हिशेब विभाग हात आखडता घेतो. मग कोणीतरी सुचवतं, की असली महागडी पेटी घेण्याची आता गरजच नाही. साधे सर्व्हर घ्या, त्यांत डिस्क भरा आणि साठवणीचं सगळं काम सॉफ्टवेअरवर सोपवा. यालाच सॉफ्टवेअर-डिफाइन्ड स्टोरेज म्हणतात. सूचना चांगली आहे. अडचण पुढे येते, ती निवडीची. व्हीसॅन, न्यूटॅनिक्स, सेफ, स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट, झेडएफएस अशी नावं पुढे ठेवली जातात, आणि कोणतं किती वेगाने वाचतं, किती दाबून साठवतं, याचे तक्ते मांडले जातात. माझं म्हणणं असं, की या तक्त्यांची सुरुवातच चुकते. वेगातला फरक खरा असतो, पण पाच वर्षांनी कंपनीला जाचतं ते वेगळंच: ते सॉफ्टवेअर कोणाच्या मालकीचं राहिलं, बिघडल्यावर ते दुरुस्त करू शकणारी माणसं किती आहेत, आणि नकोसं झालं तर आपला डेटा घेऊन बाहेर पडता येतं का. तुलना इथून सुरू व्हायला हवी.

जुनी पेटी मुळात वाईट नव्हती. १९८८ साली बर्कलीच्या विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी स्वस्त, लहान डिस्कांचा समूह करून त्यातली एखादी गेली तरी डेटा वाचेल अशी रचना मांडली. तीच ‘रेड’ या नावाने आजही ओळखली जाते. १९९० मध्ये ईएमसी या कंपनीचं सिमेट्रिक्स हे यंत्र आलं, १९९२ मध्ये नेटअ‍ॅप ही कंपनी उभी राहिली, आणि पुढची दोन-अडीच दशकं बँका, कारखाने, रुग्णालयं यांचा डेटा अशा यंत्रांत सुखाने राहिला. आत दोन कंट्रोलर, एक बंद पडला तर दुसरा काम उचलणार. मागे डिस्कांच्या रांगा. आणि या सगळ्यावर त्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर. विश्वास मिळत होता, पण त्याची किंमतही होती. नवी डिस्क त्याच कंपनीकडून, तिच्याच दराने घ्यावी लागे. दोन कंट्रोलरची ताकद संपली की यंत्राची वाढ थांबे, आणि मग अख्खं यंत्र बदलून डेटा नव्यावर हलवण्याचं जोखमीचं काम करावं लागे.

वास्तविक त्या पेटीचा जीव तेव्हाही सॉफ्टवेअरमध्येच होता, आणि ते पेटीबाहेरही चालू शकत होतं. व्हेरिटास या कंपनीचं व्हॉल्यूम मॅनेजर हे सॉफ्टवेअर पेटीत नव्हे, तर सर्व्हरवर चालायचं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क एकत्र करून वापरायची सोय द्यायचं. या कंपनीचं विकसन केंद्र १९९०च्या दशकापासून पुण्यात होतं आणि स्टोरेजमधल्या अनेक मराठी अभियंत्यांची कारकीर्द तिथे घडली, हे आवर्जून सांगायला हवं. पुढचं मोठं वळण आलं ते २००३ मध्ये. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या फाइल सिस्टिमवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात गृहीतच असं धरलं होतं, की हजारो स्वस्त यंत्रांमध्ये रोज काहीतरी मोडणार. मोडू नये म्हणून महाग यंत्र घेण्याऐवजी प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या आणि एक गेली की उरलेल्यांवरून नवी करून घ्यायची. आजची बहुतेक क्लस्टर-पद्धतीची, म्हणजे अनेक सर्व्हर एकत्र जोडून चालणारी, उत्पादनं या ना त्या रूपात हाच विचार पुढे नेतात.

या पद्धतीचा खरा फायदा दुरुस्तीच्या वेळी कळतो. २० टीबीची एक डिस्क गेली आणि तिच्या जागी बसवलेल्या एकाच डिस्कवर सेकंदाला २०० एमबी या वेगाने सगळं पुन्हा लिहायचं म्हटलं, तर एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ तास लागतात. तेवढ्या काळात आणखी एक डिस्क गेली तर संकट. सॉफ्टवेअरच्या पद्धतीत गेलेल्या डिस्कवरच्या तुकड्यांच्या प्रती अनेक यंत्रांवर विखुरलेल्या असतात, त्यामुळे सगळ्या डिस्का मिळून दुरुस्ती करतात आणि वेळ खूप कमी होतो. मात्र हे सगळं दळणवळण नेटवर्कवरून चालतं. पेटीच्या पोटातलं काम आता स्विचच्या भरवशावर येतं, आणि जुन्या स्विचवर नवं स्टोरेज बसवणं ही या क्षेत्रातली फार महागात पडणारी काटकसर आहे. दुसरी अट संख्येची. दोनच यंत्रं असली आणि त्यांच्यामधला दुवा तुटला, तर प्रत्येकाला वाटतं की दुसरं मेलं आहे, आणि दोघंही वेगवेगळं लिहायला लागतात. म्हणून बहुमतासाठी निदान तिसरा साक्षीदार लागतोच.

आता किमतीचा हिशेब, कारण विक्रीच्या बैठकीत सर्वांत जास्त दिशाभूल इथेच होते. समजा चार सर्व्हर घेतले, प्रत्येकात १० टीबीच्या दहा डिस्का. कोटेशनवर आकडा दिसेल ४०० टीबी. सेफ या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या पद्धतीने तीन प्रती ठेवल्या, की उरले १३३. पण एक सर्व्हर पूर्ण गेला, तर त्याच्यावरचा डेटा उरलेल्या तिघांत मावायला हवा. म्हणजे हिशेब ३०० टीबीवर धरायचा, आणि तीन प्रतींनंतर हाती आले १००. त्यातही सेफ ८५ टक्के भरल्यावर इशारा देतं आणि ९५ टक्क्यांवर लिहिणंच थांबवतं, म्हणून शहाण्याने धरायचा आकडा ८५. चारशे टीबी विकत घेऊन निश्चिंतपणे वापरता येतात पंच्याऐंशी. यावर उपाय आहे: प्रतींऐवजी डेटाचे चार भाग आणि त्यांवरून गणिताने काढलेले दोन जादा भाग साठवायचे. सहापैकी कोणतेही चार भाग हाती असले की मूळ डेटा परत मिळतो, आणि जादा जागा दुपटीऐवजी फक्त निम्मी लागते. पण सहा भाग सहा वेगळ्या सर्व्हरवर ठेवायला सहा सर्व्हर लागतात, आणि छोट्या-छोट्या नोंदी सतत बदलणाऱ्या डेटाबेसला ही पद्धत जड जाते. शिवाय सेफमध्ये प्रत्येक डिस्कमागे साधारण चार जीबी मेमरी धरावी लागते, म्हणजे दहा डिस्कांच्या सर्व्हरवर चाळीस जीबी निव्वळ साठवणीसाठी. ‘साधे, स्वस्त सर्व्हर’ हे शब्द ऐकताना हे आकडे समोर ठेवावेत. असा हिशेब केल्यावरही सॉफ्टवेअरची पद्धत अनेकदा स्वस्त पडते, पण सांगितली जाते तितकी नाही.

उत्पादनांची घडण समजून घ्यायला वंशावळ उपयोगी पडते. व्हीएमवेअरचं व्हीसॅन २०१४ मध्ये आलं. ते व्हीएम, म्हणजे आभासी यंत्रं, चालवणाऱ्या मूळ थरातच विणलेलं आहे, म्हणून व्हीएमवेअर वापरणाऱ्यांना ते सुरू करणं सोपं जातं आणि वेगळा स्टोरेज-तज्ज्ञ ठेवावा लागत नाही. न्यूटॅनिक्स २००९ मध्ये धीरज पांडे, मोहित अरोन आणि अजित सिंग यांनी स्थापन केली. अरोन त्याआधी गूगलच्या फाइल सिस्टिमवर काम करून आलेले होते. तिथे प्रत्येक सर्व्हरवर एक वेगळं कंट्रोलर-व्हीएम चालतं, ते बरीच मेमरी खातं, पण ज्या सर्व्हरवर काम चालू आहे त्याच सर्व्हरवर त्या डेटाची एक प्रत ठेवून नेटवर्कवरचा भार कमी करतं. मायक्रोसॉफ्टचं स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट विंडोज सर्व्हर २०१६ पासून मिळतं, तेही फक्त डेटासेंटर आवृत्तीत. ज्यांच्याकडे ते लायसन्स आधीच आहे त्यांनी आधी त्याचा विचार करावा. सेफ हे कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथे सेज वाइल यांनी पीएच.डी.साठी केलेल्या कामातून जन्मलं. कोणता तुकडा कुठे आहे याची मध्यवर्ती यादी ते ठेवतच नाही, सूत्राने जागा काढतं, म्हणून ते प्रचंड वाढू शकतं. ब्लॉक, फाइल आणि ऑब्जेक्ट हे साठवणीचे तिन्ही प्रकार ते एकाच क्लस्टरवर देतं. झेडएफएस मात्र या रांगेत थोडं वेगळं बसतं. ते एकाच सर्व्हरचं स्टोरेज आहे, अनेक सर्व्हरांचं नाही. पण प्रत्येक तुकड्याचा पडताळा घेऊन ते गुपचूप झालेली नासाडी ओळखतं, आणि ठरावीक क्षणाचं चित्र, म्हणजे स्नॅपशॉट, दुसऱ्या यंत्राकडे सहज पाठवतं.

घडणीच्या या फरकांवर तासन्तास चर्चा होते. गेल्या पंधरा वर्षांत ग्राहकांवर खरे घाव मात्र मालकी बदलल्यामुळे झाले आहेत. ब्रॉडकॉम या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतली. पुढच्याच महिन्यात कायमची लायसन्सं विकणं बंद झालं आणि वर्गणी सुरू झाली. सुटी मिळणारी अनेक उत्पादनं मोजक्या संचांत बांधली गेली. ब्रॉडकॉमचं म्हणणं असं, की यामुळे पसारा कमी झाला आणि संचाचा दर उतरला. पण ज्यांना संचातल्या एक-दोन गोष्टीच हव्या होत्या त्यांचं बिल वाढलं. एटी अँड टीसारख्या महाकाय ग्राहकाने ऑगस्ट २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला, आणि तो काही महिन्यांत तडजोडीने मिटला. व्हीसॅन तांत्रिकदृष्ट्या त्याआधी जितकं चांगलं होतं तितकंच नंतरही होतं. पण ते व्हीएमवेअरशिवाय चालत नाही, म्हणून डेटा बाहेर काढणं म्हणजे सगळी व्यवस्थाच बदलणं ठरलं. एटी अँड टी न्यायालयात जाऊ शकते. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना किंवा एखादी नागरी पतसंस्था जाऊ शकत नाही.

म्हणजे ओपन सोर्स घ्या, इतकं सोपं उत्तर आहे का? तेही नाही, आणि इथला इतिहास फार बोलका आहे. ग्लस्टर हे ओपन सोर्स उत्पादन रेड हॅटने २०११ मध्ये १३ कोटी ६० लाख डॉलरला विकत घेतलं. त्याच कंपनीने २०१४ मध्ये सेफमागची इंकटँक ही कंपनीही साडेसतरा कोटी डॉलरला घेतली. पुढे रेड हॅटचं लक्ष सेफकडे वळलं आणि ग्लस्टरवर आधारित तिच्या उत्पादनाचा आधार २०२४ अखेर संपला. कोड खुला होता आणि आजही आहे. पण त्यावर काम करणारी बहुतेक माणसं एकाच कंपनीची होती. तिने हात काढल्यावर ग्राहकाच्या हाती कोड राहिला, त्याला सांभाळणारे राहिले नाहीत. मिनिओ या ओपन सोर्स स्टोरेज सॉफ्टवेअरची गोष्ट याच कुळातली. ग्लस्टरच्या संस्थापकांपैकी आनंद बाबू पेरियासामी यांनी ते पुढे सुरू केलं. २०२१ मध्ये त्याचं लायसन्स अधिक कडक झालं आणि २०२५ मध्ये फुकट आवृत्तीच्या वेब-पडद्यावरून व्यवस्थापनाच्या बऱ्याच सोयी काढून घेतल्या गेल्या. आपल्या कामाचे पैसे मिळावेत असं कंपनीला वाटणं गैर नाही. पण फुकटच्या आवृत्तीवर ज्यांनी आपला कारभार उभा केला त्यांनी हा धोका हिशेबात धरलेला नव्हता.

याउलट सेफकडे पाहा. २०२१ मध्ये सूसे या जर्मन कंपनीने सेफवर आधारित आपलं उत्पादन बंद केलं. ग्राहकांना त्रास झालाच, पण सेफ थांबलं नाही, कारण २०१८ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सेफची स्वतंत्र संस्था आहे आणि तिच्या स्थापनेपासून कॅनॉनिकल, इंटेल, डिजिटलओशन, वेस्टर्न डिजिटल अशा अनेक कंपन्या तिच्यात सामील झाल्या. डेटा त्याच रचनेत ठेवून आधार दुसऱ्याकडून घेता येत होता. झेडएफएसचंही तसंच. ते सन मायक्रोसिस्टिम्सने घडवलं आणि २००५ मध्ये खुलं केलं. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि पुढचा कोड बंद केला. तरी आधीच्या खुल्या कोडवर काम करणारे अनेकजण होते, ते २०१३ मध्ये ओपनझेडएफएस या नावाखाली एकत्र आले आणि ते सॉफ्टवेअर आज लिनक्सवरही चालतं. म्हणून लायसन्स खुलं आहे का, एवढंच विचारून भागत नाही. त्याला सांभाळणारे वेगवेगळ्या घरचे किती आहेत, हे विचारावं लागतं. हा प्रश्न मला कोणत्याही वेगाच्या चाचणीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो अगदी रास्त आहे: सेफ चालवायला माणसं कुठून आणायची? जिनिव्हाची सर्न ही संशोधनसंस्था २०१३ पासून सेफ वापरते, हे उदाहरण सर्रास दिलं जातं. पण सर्नकडे ते काम जाणणारी मुरलेली तुकडी आहे. ज्या कंपनीत सगळं आयटी दोनच माणसं पाहतात, त्यांतलं एक रजेवर असतं आणि दुसरं प्रिंटर दुरुस्त करत असतं, तिथे मध्यरात्री क्लस्टर अडकला तर सर्नचं उदाहरण कामाला येत नाही. अशा ठिकाणी न्यूटॅनिक्स किंवा तयार पेटी घेऊन आधाराचे पैसे देणं हा कमीपणा नाही, शहाणपणाचा खर्च आहे. फक्त न्यूटॅनिक्सचाही मालक एकच आहे हे विसरू नये; आज व्हीएमवेअर सोडून तिकडे जाणाऱ्यांनी उद्याच्या नूतनीकरणाचा दर आजच करारात बांधून घ्यावा. आणि पन्नास माणसांच्या कार्यालयाला मुळात क्लस्टर लागतोच असंही नाही. झेडएफएसचे दोन सर्व्हर, एक दुसऱ्याला दर पंधरा मिनिटांनी स्नॅपशॉट पाठवणारा, ही रचना कमी झगमगाटाची असली तरी समजायला सोपी आहे, आणि जे समजतं ते दुरुस्त करता येतं. पहिला सर्व्हर गेला तर दुसरा हाताने सुरू करावा लागेल आणि शेवटच्या काही मिनिटांचं काम जाईल. हे चालणार असेल, तर त्यापलीकडचा खर्च करू नये.

दुसरा आक्षेप क्लाउडवाल्यांचा: एवढी उठाठेव कशाला, सगळं भाड्याने घ्या. क्लाउड हेही सॉफ्टवेअरवर चालणारं स्टोरेजच आहे, फक्त दुसऱ्याच्या इमारतीतलं, आणि चढउतार असलेल्या कामाला ते उत्तम आहे. पण बाहेर पडण्याचा प्रश्न तिथे जास्तच तीव्र होतो, कारण डेटा आत नेणं फुकट आणि बाहेर काढणं विकत अशीच रीत होती. युरोपीय महासंघाने त्यावर कायदा केला आणि तो सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याच्या धाकाने २०२४ मध्येच गूगल आणि अ‍ॅमेझॉन यांनी कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकांना ते शुल्क माफ केलं. बाहेर पडण्याच्या किमतीसाठी कायदा करावा लागतो, यावरून तिचं वजन कळावं. थर्टीसेव्हन सिग्नल्स या अमेरिकी कंपनीने अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधला आपला डेटा बाहेर आणायचं ठरवलं, तेव्हा त्यासाठी प्युअर स्टोरेजची तयार यंत्रं घेतली. क्लाउडवर जाहीर टीका करणाऱ्या आणि उत्तम अभियंते पदरी असलेल्या कंपनीनेही साठवणीसाठी तयार पेटी निवडली, हे ‘पेटीचा काळ संपला’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

वेगाचं म्हणाल, तर त्याला महत्त्व आहेच. हजारो व्यवहार क्षणात नोंदवणाऱ्या डेटाबेसला उत्तर किती मिलीसेकंदात येतं यावर सगळं अवलंबून असतं, आणि अशा कामात तीन यंत्रांवर लिहून झाल्याची पोच घेणारं सेफ स्थानिक डिस्कच्या मागे पडतं. पण बहुतेक कार्यालयांतला बराचसा डेटा फाइली, ईमेल, जुनी बिलं आणि कॅमेऱ्यांचं चित्रीकरण यांचा असतो. त्याला सेकंदाला दहा लाख वाचनांचा आकडा काही कामाचा नाही. डेटाबेस वेगळ्या, वेगवान डिस्कवर ठेवून उरलेल्यासाठी वेगळा विचार करणं हे सगळ्यांसाठी एकच महाग उत्पादन घेण्यापेक्षा चांगलं.

आणि एक गोष्ट कोणत्याही उत्पादनाच्या तक्त्यात येत नाही, ती बॅकअपची. तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल तिन्ही प्रतींतून पुसली जाते, रॅन्समवेअर तिन्ही प्रती कुलूपबंद करतं. दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी बॅटऱ्यांमुळे आग लागली, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या जी-ड्राइव्हमधला ८५८ टीबी डेटा गेला. डेटा फार मोठा आहे म्हणून त्याचा बाहेर बॅकअपच ठेवलेला नव्हता. साठवणीच्या तंत्रात जगात अग्रेसर असलेल्या देशातली ही गोष्ट. आपल्याकडे कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात, आणि ती इलेक्ट्रॉनिक असतील तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणं बंधनकारक आहे. आठ वर्षांच्या काळात, वर पाहिलं तसं, सॉफ्टवेअरची मालकी किंवा आधार सहज बदलू शकतो. म्हणून बॅकअप वेगळ्या घडणीच्या सॉफ्टवेअरवर, शक्यतो वेगळ्या इमारतीत असावा, आणि त्याचा खर्च मूळ स्टोरेजच्या कोटेशनमध्येच धरावा.

ज्यांच्यापुढे आज हा निर्णय आहे त्यांना माझी विनंती एवढीच, की सादरीकरण पाहून सही करू नका. चाचणीसाठी यंत्रं मागवा, ती सत्तर टक्के भरा, भर कामाच्या वेळी एका सर्व्हरची वीज काढा आणि आपली स्वतःची माणसं ते निस्तरू शकतात का पाहा. मग तोच डेटा त्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काढून दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रणेवर चालू करून दाखवायला विक्रेत्याला सांगा. त्याला जितके तास लागतील तो आकडा कोटेशनवर, किमतीच्या शेजारी लिहा. आणि जो विक्रेता ही शेवटची चाचणी करायला नकार देईल, त्याचं कोटेशन तिथेच बाजूला ठेवा.